कोपऱ्यातली बाही

"अंगठ्या काढायच्या, बांगड्या काढायच्या, हाताला वास येईल असं काही लावायचं नाही, आणि काही झालं तरी तोंड उघडायचं नाही."

झिपरीताईने पहिल्या दिवशी हे नियम सांगितले तेव्हा रेडिओमावशी म्हणाली, "बाकीचं जमेल गं बाई. त्या शेवटच्याचं तेवढं बघ काहीतरी."

सगळे हसले. धाकटीही हसली, तिच्या सवयीप्रमाणे पदर तोंडाशी नेऊन, आवाज न करता.

हसणारे सगळे एकाच गल्लीतले. हातमोज्यांचा कारखाना चालू होता तेव्हा कुणी कातडं भिजवायचं, कुणी कापायचं, कुणी शिवायचं. कारखाना बंद पडला आणि बरीच वर्षं नुसता उभा राहिला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की त्याच्या विटांच्या कमानी फार देखण्या आहेत. कमानी धुऊन काढल्या, छपराला काचा बसवल्या, आणि तिथे कलेचं घर झालं. मागच्या कामगारांच्या बैठ्या घरांना मात्र कमानी नव्हत्या. ती पाडायची, तिथे झाडं आणि बाकडी असलेलं मोकळं मैदान करायचं, आणि माणसांनी कालव्यापलीकडच्या नव्या इमारतींत जायचं, असं ठरलं. कारखान्याला पुनर्जन्म आणि घरांना मूठमाती. गल्लीतल्या लोकांनी हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं की त्यातली धारच गेली.

झिपरीताई बाहेरून आलेली. तिचं खरं नाव लांबलचक होतं. केसांचं टोपलं बघून रेडिओमावशीने तिला हे नाव ठेवलं, आणि तिनेही ते हसत घेतलं. कापाईच्या लांब दालनात तिने मधोमध फळ्यांची भिंत उभी केली. भिंतीत कोपराच्या उंचीवर गोल खिडक्या, एकेकीला काळ्या कापडाची बाही, बाहीच्या तोंडाला घट्ट इलॅस्टिक. पलीकडे अंधार. पाहुण्याने यायचं, उजवा हात उघडा करून बाहीत घालायचा. अलीकडे स्टुलावर गल्लीतलं माणूस बसलेलं असायचं, त्याने तो हात आपल्या हातांत धरायचा. बस्स, एवढंच. चेहरा कुणाला कुणाचा दिसणार नाही. पाहुण्याला हवं तर त्याने बोलावं, आतल्याने बोलू नये. पाहुणा हात काढेपर्यंत धरून ठेवायचा. बाहेरच्या दारावर एकच शब्द लिहिला होता, 'परका'.

कोपऱ्यावरच्या वाण्याने ऐकलं तेव्हा तो म्हणाला, "हात धरायला माणसं ठेवलीत? आमच्या वेळी परक्याचा हात धरला की कानाखाली जाळ निघायचा."

"तुझा हात कोण धरतंय रे," रेडिओमावशी म्हणाली, "काट्यावरून उचलतच नाहीस तू तो."

धाकटी आता साठीला टेकली होती, तरी सगळ्यांना धाकटीच. आई-बाप दोघंही याच कारखान्यात खपले आणि लवकर गेले. मागे ही दोन भावंडं राहिली. थोरला दादा कातडं कापायच्या साच्याच्या यंत्रावर लागला, त्याने हिला वाढवलं, आणि पुढे हीही शिवणखात्यात आली. जन्मभर तिने अंगठे शिवले. हातमोज्यात अंगठाच अवघड असतो. चारही बोटं एका रांगेत उभी राहतात, अंगठा वेगळा निघतो, त्याचा जोड वळणावर येतो. सुई रेटून रेटून तिच्या स्वतःच्या उजव्या अंगठ्याच्या पोटावर हरभऱ्याएवढी गाठ झाली होती, दगडासारखी.

दादाने लग्न केलं नाही. गल्लीतल्या शेवटच्या घरात तो एकटा राहायचा. आणि गेलं वर्षभर तो धाकटीशी बोलत नव्हता.

कारण साधं होतं, आणि तिच्या जिवावरचं होतं. घरं पाडायची नोटीस आली तेव्हा सगळी गल्ली दादाच्या दारात जमली होती. दादा उंबऱ्यावर उभा राहून म्हणाला, कुणीच सही करायची नाही. एकानेही केली नाही तर त्यांना काही करता येणार नाही. सगळ्यांनी हो म्हटलं. धाकटीनेही म्हटलं. पण तिच्या नवऱ्याची छाती कातड्याच्या भुकटीने भरलेली. ओल धरलेल्या भिंतींच्या घरात तो बसूनच झोपायचा, आडवा झाला की जीव घुसमटायचा. डॉक्टरने सांगितलं, हवा आणि ऊन द्या, नाहीतर हा पावसाळा काढणार नाही. नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर ऊन होतं. तिने सही केली.

एक सही झाली आणि बाकीच्या भराभर झाल्या. प्रत्येकाच्या घरात काही ना काही ओलं होतंच.

सामान हातगाडीवर चढलं त्या सकाळी दादा समोर येऊन उभा राहिला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"पहिली वीट तू काढलीस," तो म्हणाला. "आजपासून तू मला परकी."

धाकटीने त्या दिवशी गोड सोडलं. दादा बोलेपर्यंत साखरेचा कण तोंडात घालायचा नाही. सकाळी अंघोळ झाली की हात जोडायचे, देवाला त्याचं नाव सांगायचं, मग बिनसाखरेचा चहा. नवरा म्हणायचा, "तुझ्या चहाने त्याचा राग कसा जाणार?" ती कप तोंडाला लावायची. नेम हा वाद घालायचा विषय नव्हता.

*

तो हात आला तेव्हा दुपार होती आणि गर्दी नव्हती. धाकटीचं स्टूल खांबालगत, अगदी कोपऱ्यात. तिथली बाही सहसा रिकामीच असायची, पाहुणे मधल्या बाह्यांकडे जायचे. ती भिंतीला टेकून बसली होती, तेवढ्यात बाही हलली आणि हात आत आला.

तिने सवयीने दोन्ही हातांत घेतला आणि बोटं मोजल्यासारखी चाचपली.

अंगठा धड होता. करंगळी आणि अंगठ्याशेजारचं बोटही धड. मधली दोन्ही बोटं पेरातून संपलेली, टोकांवर कातडी ओढून शिवल्यासारखी चुणीदार.

त्या जखमेची पट्टी तिने स्वतः बांधली होती. साचा हातावर पडला तेव्हा दादा विशीत होता, रात्री यंत्रावर एकटाच. रोज संध्याकाळी दिव्याजवळ बसून ती ती पट्टी सोडायची, धुवायची, पुन्हा बांधायची. जखम भरली आणि तिने त्याला उजव्या हाताचा मोजा शिवून दिला, मधल्या दोन बोटांत कापूस भरलेला. त्यानंतर दर वर्षी नवा. थंडी असो, ऊन असो, दादाचा उजवा हात मोज्यात. गल्लीला वाटायचं, यंत्राचं तेल लागून त्याला काहीतरी त्वचेचा रोग झालाय. वाटू दे, तो म्हणायचा. रोग चालतो, अधू चालत नाही. डॉक्टर सोडला तर ती बोटं जगात धाकटीशिवाय कुणी पाहिली नव्हती.

आणि आज तोच हात त्याने उघडा करून अंधारात परक्या माणसाच्या हातात दिला होता.

तिला वाटलं, आता तो ओळखेल. पण कसा ओळखणार? भावाने बहिणीचा हात धरला तो लहानपणी, रस्ता ओलांडताना. त्यानंतर एवढ्या वर्षांत त्याने तिच्या हातचं जेवण घेतलं, मोजे घेतले, हात कुठला घ्यायला! पट्टी बांधायची तेव्हा तिच्या अंगठ्यावर ही गाठही नव्हती. ती इथे बसते हे त्याला कुणी सांगितलंही नसणार. गल्लीत राहून तो गल्लीशी बोलायचाच नाही. तिने आपला उजवा अंगठा, त्याच्यावरच्या गाठीसकट, मुठीत दुमडून घेतला.

मग पलीकडून आवाज आला, त्याचाच, पण असा मऊ तिने कधी ऐकला नव्हता.

"तुमचे हात ऊबदार आहेत," तो म्हणाला. आणि हात काढून गेला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. मग रोज. त्याच कोपऱ्यात, दुपार कलताना.

"याच खांबाशी माझं यंत्र होतं," एकदा तो म्हणाला. "जमिनीवर तेलाचा डाग आहे अजून. एवढं घासलं, पण गेला नाही. म्हणून मी इथे येतो. तुम्ही म्हणाल, बाकीच्या जागा सोडून हा म्हातारा कोपऱ्यात काय शोधतो."

धाकटी काही म्हणणार नव्हती. ती त्याच्या मनगटाची नाडी धरून बसली होती आणि त्याने तिला 'तुम्ही' म्हटलेलं ऐकत होती. कुठलीतरी मोठी बाई असल्यासारखं.

पुढे तो जास्त बोलायला लागला. दिवसभराचं साठलेलं. रिकाम्या घरांत उंदीर किती माजलेत, एकट्यापुरती भाकरी करायची म्हणजे पीठ कसं नेहमी जास्तच भिजतं. मध्येच हसायचाही. धाकटी आपलं हसू दाताखाली धरून ठेवायची. तिला घरी जाताना वाटायचं, आपण चोरी करतोय. पण चोरीचा माल इतका गोड असेल असं कुणी तिला सांगितलं नव्हतं.

"कोण येतो गं रोज तुझ्या बाहीत?" रेडिओमावशीने डबा उघडता उघडता विचारलं. "तुझा चेहरा बघ, पहिलटकरणीसारखा."

"येतो कुणीतरी."

"कुणीतरी रोज येतो, म्हणजे तो कुणीतरी राहिला का?"

धाकटीने झिपरीताईला हळूच विचारलं, "आतल्या माणसाने बोललं तर काय होतं?"

झिपरीताई हातातलं काम ठेवून वळली. तिला प्रश्नाचं कौतुक वाटलं. "मग परका संपतो, मावशी. लोक इथे जे बोलतात ना, ते घरी बोलत नाहीत. कारण पलीकडे त्यांचं कुणी नाही. तुम्ही बोललात की पलीकडे कुणीतरी आलं."

धाकटीला ते नीट कळलं. फारच नीट कळलं. दादा येत होता तो तिच्याकडे नव्हे. ती कुणी नव्हती म्हणूनच येत होता.

मग एका दुपारी तो म्हणाला, "मला एक बहीण आहे."

तिचे हात गार पडले असावेत, कारण त्याने आपला हात किंचित हलवला, ऊब द्यावी तसा.

"अंगठे शिवायची ती. अख्ख्या कारखान्यात तसा अंगठा कुणाचा नव्हता. लोकांना वाटतं, तिने सही केली म्हणून मी तोडलं. नवरा मरायला टेकला तर बाईने काय करायचं? मीच तिला सांगितलं असतं, कर सही, बाकीच्यांचं मी बघतो. पण तिने मला विचारलं नाही हो. गाडीवर तिची ट्रंक चढलेली दिसली तेव्हा मला कळलं. गल्लीतल्या कुत्र्यामांजरांना कळलं तेव्हा मला कळलं. मी तिला परकी म्हटलं, पण आधी तिने मला केलं."

धाकटीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिचे दोन्ही हात अडकलेले होते. ते पाणी तसंच गालांवरून हनुवटीवर, हनुवटीवरून मांडीवर पडत राहिलं.

ती मुद्दाम लपवून गेली नव्हती. तिला त्याच्यासमोर उभं राहायचं धैर्य झालं नव्हतं, एवढंच. आज सांगू, उद्या सांगू करता करता हातगाडी दारात आली होती.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर तिने साखरेचा डबा उघडला आणि चिमूटभर साखर तोंडात टाकली. नवरा खिडकीपाशी उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात बसला होता.

"सुटला नेम?" त्याने विचारलं.

"सुटला."

"बोलला दादा?"

"बोलला," ती म्हणाली, आणि दुसऱ्या खोलीत गेली.

तिच्याशीच तर बोलला होता. हात तिचाच होता ना? पण साखर विरघळली तशी तिच्या मनात भीती उतरली. नेम होता तो दादाने तिला ओळखून, तिला हाक मारून बोलण्याचा, हे देवाला माहीत होतं आणि तिलाही. तिने देवाशी जरा हिशेबात कसर केली होती. तिने तोंड धुतलं, पुन्हा हात जोडले, पण जोडलेले हात नेहमीसारखे जुळले आहेत असं काही तिला वाटेना.

*

त्यानंतर गल्लीत यंत्र आलं. पिवळं, उंच मानेचं. ते एका टोकाकडून सुरू झालं. घर पाडायच्या आधी यंत्रवाला खाली उतरायचा, दारातून एक हाक मारायचा, "आत कुणी आहे का?" ओ आली नाही की वर चढायचा. घरं रिकामीच होती. हाक म्हणजे नुसती रीत.

दादाने पाडकामाच्या साहेबाला किल्ली दिल्याची बातमी रेडिओमावशीनेच आणली. "अगं, सहीसुद्धा केली! मावसभावाकडे जातोय म्हणे गावाला. परवा पेटी घेऊन जाताना मी स्वतः पाहिलं त्याला. एवढा ताठ माणूस, शेवटी वाकला बाई."

धाकटीला हायसं वाटलं, आणि वाईटही. गावाला गेला म्हणजे बाही संपली.

पण त्याच दुपारी बाही हलली.

हात नेहमीपेक्षा कोरडा, शांत.

"आज शेवटचं," तो म्हणाला. "उद्या माझ्या घराची पाळी आहे. तुम्हाला सांगून जावंसं वाटलं, कारण तुम्ही माझ्या कुणी नाही. असलेल्याला सांगितलं तर तो धावाधाव करतो."

धाकटीने कान फळ्यांना लावला.

"पेटी मी स्टेशनवर ठेवून परत आलो. मागच्या दाराला कडी आहे, तिची किल्ली नसते. सकाळी मी मागच्या खोलीत जाऊन बसणार. तो पोरगा पुढच्या दारातून एक हाक मारतो. मी पाहिलंय, दुसरी मारत नाही. मी ओ देणार नाही. झालं. त्यात काही फार लागायचं नाही, छप्पर जुनं आहे." तो हसल्यासारखा झाला. "त्या घरात आई गेली, बाप गेला. मी बाहेर कुठे जाऊ? चौथ्या मजल्यावर? उन्हात?"

तिने त्याचा हात गच्च धरला. नखं रुतली असतील.

"घाबरू नका," तो समजुतीने म्हणाला, आणि त्या दोन अर्ध्या बोटांनी त्याने तिचा हात थोपटला. "तुमच्यावर काही येणार नाही. तुम्हाला कुठे माहीत आहे मी कोण ते."

रेडिओमावशी शेजारच्या स्टुलावर कुणाचा तरी हात धरून जांभई देत होती. दालनाच्या टोकाला झिपरीताई दिव्याची तार जोडत होती. धाकटीचं तोंड उघडलं, आणि इतक्या दिवसांचं कुलूप निघालं.

"दादा."

पलीकडे काही हललं नाही.

"दादा, नको."

हात लगेच निघाला नाही. तो तिच्या मुठीत वळला. हळूहळू, आंधळ्याने चाचपावं तसा, तिची बोटं उलगडत गेला, आणि मुठीत दुमडलेला तिचा अंगठा त्याने बाहेर काढला. त्याच्या पोटावरची गाठ त्याला लागली. तिथे तो थांबला.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"सगळं ऐकलंस."

"दादा, मी..."

त्याने हात असा हिसडला की बाही इलॅस्टिकसकट उपटून पलीकडे गेली. भिंतीत नुसतं गोल भोक उरलं, आणि भोकात अंधार. पावलं लांब गेली. रेडिओमावशीने आपला पाहुणा सोडला आणि डोळे विस्फारले. "धाकटे! बोललीस?"

धाकटी उठून धावली, पण भिंत लांब होती. वळसा घालून ती पलीकडच्या दारात पोचली तेव्हा तिथे कुणी नव्हतं.

त्याच्या घराला पुढून साहेबाचं कुलूप होतं. मागचं दार ढकलून उघडेना, कडी होती की फुगलेलं लाकूड कोण जाणे. "दादा," तिने हाका मारल्या. दारावर थापा मारल्या. आत कुणी असल्याचा आवाज आला नाही, नसल्याचाही आला नाही. फटीला कान लावून उभी राहिली तर आपल्याच छातीची धडधड.

घरी नवरा म्हणाला, "तुला कळलंय म्हटल्यावर तो तिथे बसणारच नाही. बेत फुटला की माणूस बदलतो. गेला असेल स्टेशनवर."

"आणि नसला गेला तर?"

नवऱ्याला खोकल्याची उबळ आली, ती बराच वेळ थांबली नाही. तो पाणी पिऊन म्हणाला, "मग साहेबाला सांग आत्ताच."

तेच तिच्याने होत नव्हतं. साहेबाला सांगितलं की चार माणसं जाणार, दार फोडणार, दादाला उचलून सगळ्यांच्या देखत रस्त्यावर आणणार. बोटं झाकण्यासाठी ज्याने जन्मभर रोग्याचं नाव घेतलं, तो माणूस. त्यापेक्षा यंत्रवाल्याची हाक येईल आणि तो स्वतःच ओ देईल, स्वतःच्या पायांनी बाहेर येईल, एवढी संधी त्याला द्यायला हवी. उद्या आपण तिथे उभं राहायचं. हाक होऊ द्यायची. तेवढं होऊ द्यायचं.

ती देवासमोर बसली. मागायला खूप काही होतं, पण तिने एकच मागितलं. दादाचा जीव राहू दे. बाकी काय व्हायचं ते होवो.

*

सकाळी गल्लीत बरीच माणसं होती. जुनी बिऱ्हाडं आपापलं घर पडताना बघायला आलेली, कारखान्याच्या पायऱ्यांवर कलेच्या घरातले पाहुणे, कुणाच्या हातात कॉफी, कुणाच्या हातात कॅमेरा. झिपरीताई एका बाजूला हाताची घडी घालून उभी होती, चेहरा उतरलेला. दोन घरं पडली. धुळीने सगळ्यांच्या भुवया एका रंगाच्या झाल्या.

यंत्र दादाच्या घरासमोर आलं. यंत्रवाला खाली उतरला. पोरगेला होता, नाकावर रुमाल बांधलेला. साहेबाने कुलूप काढलं. यंत्रवाल्याने दारातून आत डोकावून हाक मारली.

"आत कुणी आहे का?"

धाकटी श्वास धरून उभी राहिली. दे ओ, दादा. दे रे. एवढं एकदा माझं ऐक.

ओ आली नाही. खरोखरच तो गेला असेल तर? गेलाच असेल. गाडीत बसला असेल. यंत्रवाला वळला. पायरीवर पाय ठेवला. वर चढला.

"रिकामंच आहे गं," रेडिओमावशी तिच्या कानाशी म्हणाली. "एवढं काय बघतेस?"

यंत्राची मान वर उठली.

"थांबा!" धाकटीच्या तोंडून निघालं. जन्मात ती इतक्या मोठ्याने ओरडली नव्हती. "थांबा! माणूस आहे आत. मागच्या खोलीत. माझा भाऊ आहे."

साहेब म्हणाला, "बाई, किल्ली माझ्याकडे आहे. आत्ता उघडलं मी."

"मागून आहे तो. मागून!"

मग जे व्हायला नको होतं ते सगळं झालं. मागचं दार पहारीने उचकटलं. मधलं दार त्याने पलंग लावून अडवलं होतं, ते ढकललं. आतून काही बोलण्याचा आवाज आला नाही, नुसता ओढाताणीचा. मग चार माणसं त्याला घेऊन पुढच्या दारात आली. दादाने इस्त्रीचा सदरा घातला होता, केस विंचरले होते. हातात मोजा नव्हता. मरायला बसलेल्या माणसाला मोजा कशाला लागतो?

दारात आल्यावर त्याने उजव्या हाताने चौकट धरली.

दोघांनी कमरेला धरून ओढलं. चौकट सुटेना. लाकडावर तो अंगठा, त्या दोन बोटांची पकड, आणि मधे ती अर्धी बोटं, कुणीतरी मुद्दाम वर करून दाखवावीत तशी. सगळ्या गल्लीने पाहिली. एक बाई म्हणाली, "अगं बाई, बोटं..." आणि तिला कुणीतरी गप्प केलं. पायऱ्यांवरून एक कॅमेरा वर आला. झिपरीताईने पुढे होऊन तो हाताने खाली दाबला. रेडिओमावशी तोंडाशी मूठ धरून बघत राहिली.

"सोडा हो आजोबा," एकजण धापा टाकत म्हणाला.

यंत्रवाला पोरगा खाली उतरून धाकटीकडे आला. त्याने नाकावरचा रुमाल खाली ओढला होता, ओठ पांढरे पडले होते. एका हाकेवर आपण काय करून बसलो असतो ते त्याला कळत होतं. "मावशी, तुम्ही बहीण ना? तुम्ही सोडवा. आम्ही जोर लावला तर हात मोडेल त्यांचा."

लोकांनी वाट दिली. धाकटी पुढे झाली. पायाखाली विटांचे तुकडे होते, ती जपून चालत गेली. दादाची नजर जमिनीवर होती. ती जवळ आली तसा त्याने वर पाहिलं. तिच्या तोंडाकडे नाही, तिच्या पुढे आलेल्या हाताकडे.

तो हात चौकटीपर्यंत पोचायच्या आत त्याने चौकट सोडली.

स्वतःहून. चौघांच्या हातांतून तो सुटा झाला, उजवा हात सदऱ्याच्या आत छातीशी घातला, आणि कुणाचा आधार न घेता साहेबाच्या गाडीपर्यंत चालत गेला. साहेबाने दार उघडलं. तो आत बसला आणि समोर बघत राहिला, समोर नुसती ड्रायव्हरच्या सीटची पाठ होती.

"वाचवलंस बाई त्याला," रेडिओमावशीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तू नसतीस तर..."

"हो," धाकटी म्हणाली.

काल देवासमोर बसून तिने जे मागितलं होतं ते गाडीत बसलं होतं, श्वास घेत होतं. तेवढंच मागितलं होतं तिने.

गाडी सुरू झाली, कमानीखालून वळली आणि गेली. यंत्रवाला अजून तिच्याजवळच घुटमळत होता.

"मावशी, जरा बाजूला होता का?" तो अपराध्यासारखा म्हणाला. या वेळी तो स्वतः आत गेला, एकेका खोलीत, मागच्या खोलीतही, आणि प्रत्येक ठिकाणी उभं राहून हाक मारली. मग बाहेर येऊन वर चढला.

धाकटी बाजूला झाली.